एक-सात

३ जुलै १९९५, सोमवार

एकशे चाळीस गेले. सकाळी वीस गोणी एरंडा घेतला, दुपारी सात रुपये खाली विकला. घेतला म्हणजे डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही. मिलच्या गेटासमोरच्या पीसीओतून दलाल ठाकोरभाईंना फोन केला, त्यांनी अहमदाबादला केला, झालं. तीन महिन्यांत एरंडाचं एक बी हाताला लागलेलं नाही.

चूक कोणती ते लिहून ठेवतो. भाव पडताना पाहिला आणि घाबरून विकला. चार वाजता तो परत वर होता.

४ जुलै, मंगळवार

साठ आले. त्यात माझं डोकं काही नव्हतं.

६ जुलै, गुरुवार

आमच्या गावाकडे वायदा म्हणजे शब्द. अमुक तारखेला देईन म्हणून दिलेला. इथे सुरतेत वायदा म्हणजे पुढच्या महिन्याचा भाव. सप्टेंबरचा एरंडा आज घ्यायचा आणि आजच, नाहीतर चार दिवसांनी, विकून मोकळं व्हायचं. सप्टेंबरशी आपलं काही देणंघेणं नाही. शब्द तोच, अर्थ इतका बदललेला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच थांबायला हवं होतं.

ठाकोरभाईंच्या पेढीवर अनामत म्हणून ठेवलेले साडेआठ हजार माझे नाहीत, बायकोचे, धुरपदेचे आहेत. सात वर्षं घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवल्या तिने. पोरीचं, जयश्रीचं, नाव नर्सिंगच्या यादीत आलं की फी भरायची म्हणून. एप्रिलमध्ये मागितले तेव्हा एवढंच म्हणाली, “पोरना पैसा शेतस त्या.” मी म्हटलं, जुलैपर्यंत परत ठेवतो, वर थोडे घालून. तोही वायदाच.

काल यादी लागली. जयश्रीचं नाव आहे. फी आठ हजार चारशे. दहा ऑगस्टपर्यंत. नाहीतर जागा खालच्या मुलीला.

आजच सगळे काढून आणले तर प्रश्न मिटतो. हे मला कळतंय. कळत असूनही लिहितोय की, अजून महिना आहे.

९ जुलै, रविवार

बन्सीलाल आला होता. आमच्याच मिलमध्ये रंगखात्यात आहे, मला या एरंड्यात त्यानेच आणलं. तो स्वतः मे महिन्यात मार खाऊन बाहेर पडला. चहा पिताना म्हणाला, “हेमराजभाऊ, एरंडेल प्यालं तर पोट साफ होतं, विकत घेतलं तर खिसा.” धुरपदा हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली.

जयश्रीला आतापासूनच नर्सबाई झाल्यासारखं वाटतंय. येईल त्याची नाडी पाहते. माझं घड्याळ हातात घेऊन माझीच मोजली. मोजते गुजरातीत. शाळा मराठी, पण मैत्रिणी सगळ्या गुजराती, आकडे तिकडचेच बसलेत. “सित्तेर. नॉर्मल छे, पप्पा.” बन्सीलालची अठ्ठ्याऐंशी निघाली. तो म्हणाला, मी अजून मे महिन्यातच आहे.

११ जुलै, मंगळवार

सकाळी दहा गोणींत पाच रुपये फायदा दिसला, लगेच विकला. दुसऱ्या दहात सहा रुपये तोटा होता, तो धरून बसलो, अकरा झाला. फायदा पन्नास, तोटा एकशे दहा.

मागची पानं चाळली. एप्रिलपासून हेच आहे. फायद्यातून मी पळतो आणि तोट्यात ठाण मांडून बसतो. पोरं परीक्षेत सोपं गणित सोडून अवघडावर अडून बसतात तसं. वहीत हे चार वेळा लिहिलंय. लिहिल्याने माणूस शिकतो हा गुरुजींचा समज होता.

१२ जुलै, बुधवार

सौदा केला नाही. जप नीट झाला.

१५ जुलै, शनिवार

शनिवार पेढीवर हिशोबाचा. सुट्टी टाकून भागळला गेलो. अरुंद जिना, वर पांढरी गादी, दोन काळे फोन. ठाकोरभाई भिंतीला टेकून बसलेले, पेन्सिल कानावर. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं हेच करतात. फोनवर ऐकायचं, पॅडवर आकडा लिहायचा. पॅडवर जे लिहिलं तो सौदा. सही नाही, काही नाही.

माझ्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून ते मला भगत म्हणतात. आज एका सिंधी व्यापाऱ्याला समजावत होते ते मुद्दाम मलाही परत ऐकवलं. “आंकडो छूटो बोलवानो. भगत, तमारे सत्तर एटले सात-मींडुं. अमारे सत्तर एटले एक-सात. एमां ज माणस मरी जाय.”

मला हे नवीन नाही. सुरतेत आलो त्याच्या पहिल्याच महिन्यात उधन्याच्या बाजारात वांगी घेतली होती. बाई म्हणाली, सत्तर पैसा. मी सत्तर पैसे दिले. ती हसायलाच लागली. आपल्या सतराला हे लोक सत्तर म्हणतात आणि सत्तरला सित्तेर. बाई प्रामाणिक. तिने त्रेपन्न पैसे परत दिले. ते मी बरेच दिवस खर्चले नव्हते.

म्हणून पेढीवर परभाषेच्या माणसाने नुसता आकडा बोलायचा नाही. सुटा बोलायचा. एक-सात. सात-मींडुं, म्हणजे सात-शून्य. आणि बोलला नाही, तर ठाकोरभाई स्वतः सुटा करून विचारतात, मगच लिहितात. चाळीस वर्षांत या बाबतीत एकदाही भांडण नाही, म्हणाले.

त्यांचा मुलगा भूपेन बाजूच्या टेबलाशी होता. त्याने कॉम्प्युटर आणलाय, अजून प्लास्टिक काढलेलं नाही. म्हणाला, “पप्पा, गुरुवारे तमे पेला मारवाडीनुं लखवानुं भूली गया हता.” लिहायचंच विसरले, म्हणे. ठाकोरभाईंनी ऐकलं नाही असं केलं. पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली.

१८ जुलै, मंगळवार

शालिग्रामचं पत्र आलं. धाकटा भाऊ, गावाकडची शेती तोच बघतो. लिहितो: “दादा, बाजरी एकदा पेरली ती करपली. दुसऱ्यांदा बी टाकलं आहे. रोज आभाळ येतं आणि जातं. तुम्ही देवाजवळ बसता, आमच्यासाठीही बोला.”

पत्र वाचून पीसीओवर गेलो. पाऊस नाही म्हणून एरंडा बारा रुपये वर. वीस गोणी घेतल्या, आठशे बहात्तर.

या दोन गोष्टी मी एकाच तासात केल्या.

२० जुलै, गुरुवार

आणखी वीस. आठशे चौऱ्याऐंशी. उत्तर गुजरातेत पेरणी खोळंबली आहे, म्हणतात. संध्याकाळी विकणार होतो, विकलं नाही. फायद्यातून पळायचं नाही हा धडा शिकायचा आहे ना.

२२ जुलै, शनिवार

आज तीस. नऊशे सहाला. एकूण सत्तर गोणी, सरासरी आठशे नव्वद. एप्रिलमधला फायदा आणि नंतरचा तोटा सगळा धरून पेढीवर माझे नऊ हजार आहेत. ठाकोरभाई म्हणाले, “भगत, आटलुं बधुं?” मी म्हटलं, पाऊस कुठे आहे. ते खिडकीतून बघायला लागले.

वीसच्या वर जायचं नाही हा नियम मीच या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. अक्षर चांगलं आहे.

२४ जुलै, सोमवार

नऊशे अकरा. कागदावर चौदाशे सत्तर रुपये फायदा. मिलमध्ये फोल्डिंगच्या टेबलावर थान मोजताना दोनदा चुकलो. शेजारी घडी घालणाऱ्या बाई म्हणाल्या, साहेब, आज काय.

खरी गोष्ट वेगळी आहे. आज सकाळी देवापुढे बसलो होतो. देवीचा फोटो, दिवा, नेहमीप्रमाणे. शालिग्रामसाठी पाऊस मागायचा होता. हात जोडले आणि आतून आलं ते असं: तिकडे पड, इकडे नको. खानदेशात पड, एरंड्याच्या बनासकांठ्यात नको. मी घाबरून डोळे उघडले. ढगाला मी जिल्हे वाटून देत होतो.

वडिलांनी शेतात उभं राहून आभाळाकडे पाहिलेलं मला आठवतं. ते कधी कुणाच्या शिवारात पाऊस नको म्हणाले नसतील.

२५ जुलै, मंगळवार

धुरपदा ताटावर म्हणाली, “ध्यान कथं शे तुमनं? आमटीत मीठ नई तरी बोल्ला नई.” मग म्हणाली, “पैसा कधी आणतस?” म्हटलं, शनिवारी.

२७ जुलै, गुरुवार

संपलं. बाहेर पडलो.

दुपारी बन्सीलाल धावत माझ्या खात्यात आला. मेहसाण्याला पाऊस लागला, रात्रीपासून. तसाच गेटाबाहेर गेलो. पीसीओवर आधी एक बाई गावाला बोलत होती, ती संपेना. फोन लागला तेव्हा भाव आठशे ब्याऐंशी होता. म्हटलं, “ठाकोरभाई, हेमराज. सत्तर वेचो,” म्हणजे विका. ते म्हणाले, “सत्तर?” मी म्हटलं, हां. मागे कापडाचा ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याची पिपाणी चालली होती. ते आणखी काहीतरी बोलले. मी हां म्हटलं. फोन ठेवला.

गोणीमागे आठ रुपये गेले, म्हणजे पाचशे साठ. नऊ हजारांतले आठ हजार चारशे चाळीस उरले. फी आठ हजार चारशे. चाळीस रुपये वर. देवाने हात धरून बाहेर काढलं असं वाटलं. परत या वाटेला जाणार नाही. धुरपदेला सांगितलं. तिने भाजीत खोबरं घातलं.

२८ जुलै, शुक्रवार

पाऊस थांबला म्हणतात. भाव विचारला, उगाचच. आठशे शहाण्णव.

२९ जुलै, शनिवार

पैसे आणायला जायचं होतं. नाही गेलो. ओव्हरटाइम निघाला होता, आणि कंटाळाही. सोमवारी बघू.

पीसीओवाल्याकडून कळलं, नऊशे तीन. मला त्याचं काय.

३० जुलै, रविवार

काल संध्याकाळपासून धार लागली आहे. इथेच नाही, सगळ्या गुजरातेत. रेडिओवर जिल्ह्यांची नावं सांगत होते, पालनपूर, पाटण, मेहसाणा. गावाकडेही लागला असेल. शालिग्रामची बाजरी वाचली. मी देवाजवळ बसलो, पण उठून दोनदा रेडिओजवळ गेलो. धुरपदा म्हणाली, “आते कसाना भाव? सुटनात ना तुम्ही?” सुटलोय, म्हटलं.

३१ जुलै, सोमवार

आठशे चाळीस. पेढीवर जायला निघालो होतो. उधन्यापर्यंत गेलो, परत आलो.

१ ऑगस्ट, मंगळवार. नागपंचमी

भाव विचारला नाही. जेवण गेलं नाही. जयश्रीने नाडी धरली. “छन्नु. पप्पा, टेन्शन शानुं छे?” शहाण्णव. उन्हात चालून आलो म्हटलं. बाहेर ऊन नव्हतं.

२ ऑगस्ट, बुधवार

आज गेलो.

ठाकोरभाईंनी चहा मागवला. मी म्हटलं, हिशोब करून टाका, पोरीची फी भरायची आहे. त्यांनी वही उघडली. म्हणाले, “भगत, तमारा त्रेपन तो हजी ऊभा छे. हुं रोज राह जोतो हतो के फोन आवशे.”

सतराच विकल्या गेल्या होत्या. त्रेपन्न गोणी आजही माझ्याच नावावर उभ्या. भाव सातशे अठ्ठ्याहत्तर.

मी म्हटलं, मी सत्तर म्हटलं होतं. ते म्हणाले, “हा, सत्तर. लख्युं छे ने.” पॅडचं पान काढलं. त्यावर पेन्सिलने १७. मी म्हटलं, सत्तर, ठाकोरभाई, सत्तर, सात-मींडुं. तेव्हा त्यांचा हात थांबला. ते पानाकडे बघत राहिले. मग भिंतीकडे.

त्यांनी माझ्यादेखत त्रेपन्न विकल्या. नऊ हजारांतले दोन हजार नऊशे अठ्ठावीस उरले.

भूपेन ऐकत होता. विचारलं, “पप्पा, छूटुं पूछ्युं हतुं? एक-सात?” ठाकोरभाईंनी पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, “याद नथी आवतुं.”

भूपेनने माझ्याकडे पाहिलं. “काका, एमणे पूछ्युं हतुं?”

मी म्हटलं, ट्रकचा आवाज होता. ऐकू आलं नाही.

३ ऑगस्ट, गुरुवार

धुरपदेला सांगितलं. आकड्यावरून घोळ झाला म्हटलं. ती टिकल्यांची डबी हातात घेऊन बसली होती. झाकण लावलं. “माणूस भ्याला की त्याले घरनीच बोली येस,” म्हणाली. मला समजावत होती. मी खाली बघत होतो.

जयश्री तिथेच होती. संध्याकाळी तिने घड्याळ माझं मला परत दिलं.

५ ऑगस्ट, शनिवार

ठाकोरभाईंनी बोलावून घेतलं. सगळे बसले होते, चार-पाच गिऱ्हाईकं, भूपेन. म्हणाले (मी मराठीत लिहितो), “भगत वीस वर्षं इथे राहिला तरी घाईत माणूस आईच्या बोलीतच मोजणार. म्हणून तर सुटा आकडा विचारायचा रिवाज आहे. तो रिवाज माझा. विचारायचं काम माझं. मी विसरलो. त्रेपन्न गोणी माझ्या.”

भूपेन उठला. “पप्पा, साडा पांच हजार छे.” ते म्हणाले, “मने गणतां आवडे छे.” मोजता येतं मला, एवढंच.

आठ हजार चारशे चाळीस मोजून माझ्या हातात ठेवले. दलालीही घेतली नाही. मी नको नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हटलं. कोपऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले, जमाना राहिला नाही असा. दुसरे म्हणाले, समोरचाही माळकरी आहे, खोटं बोलणारा नाही.

पैसे शर्टाच्या आत ठेवले आणि जिना उतरलो.

७ ऑगस्ट, सोमवार

कानबाई, आमच्या खानदेशची देवी, बोळवली. काल बसली होती, आज तापीवर नेली. पांडेसऱ्यातल्या आमच्या सगळ्या गल्ल्या रिकाम्या, सगळा खानदेश नदीवर. बायांची गाणी, डोक्यावर पाट, मध्येच एखादीच्या अंगात येतं.

रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजायचा मान घरच्या कर्त्याचा. माणसागणिक सव्वा मूठ. मोजताना बोलायचं नाही, आकडा मनात धरायचा. माझ्या नावाची मूठ भरली, शालिग्रामच्या नावाची भरली. मग आकडा सुटला. पहिल्यापासून मोजले. परत सुटला. धुरपदेने माझ्या हातातलं सूप घेतलं आणि स्वतः मोजले. असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, भाऊंना बरं नाही वाटतं. धुरपदा म्हणाली, पोरीच्या फीची काळजी होती, आता मिटली.

९ ऑगस्ट, बुधवार

फी भरली. जयश्रीने पावती तीनदा वाचली, मग देवीच्या फोटोमागे ठेवली. खिडकीतल्या बाईने गणवेशाची यादी दिली. पांढरे बूट, पांढरे मोजे, सेकंदकाटा असलेलं घड्याळ. जयश्री म्हणाली, पप्पा, घड्याळ तुमचंच चालेल.

धुरपदेने ठाकोरभाईंसाठी पुरणपोळ्या बांधून दिल्या आहेत. कधी नेणार म्हणून दोनदा विचारलं.

१२ ऑगस्ट, शनिवार

पोळ्या घेऊन गेलो.

दोन्ही फोन भूपेनच्या टेबलावर होते. कॉम्प्युटरचं प्लास्टिक काढलं होतं. ठाकोरभाई गादीवरच बसले होते, पण दाराच्या बाजूला, जिथे आलेली माणसं बसतात. पेन्सिल कानावर होती. समोर पॅड नव्हतं.

पोळ्या पाहून खूश झाले. एक तिथेच खाल्ली. मग हळू म्हणाले, “भूपेन साचुं कहे छे. उंमर थई. चालीस वरसमां एक वार पण पूछवानुं भूल्यो न हतो. अने भूल्यो ते पण भगतने.” हसले. “रात्रे याद करुं छुं. मने एम लागे छे के पूछ्युं हतुं. पछी थाय के ना, भगत खोटुं शुं काम बोले.”

मग मला विचारलं, “में पूछ्युं हतुं, भगत?”

फोन वाजला. त्यांचा हात सवयीने पुढे गेला. भूपेनने उचलला.

मी म्हटलं, निघतो, पाच वाजताची ड्युटी आहे. शनिवारी मला पाच वाजता ड्युटी नसते.

१४ ऑगस्ट, सोमवार

बन्सीलाल सांगत होता, ठाकोरभाई आता पेढीवर येत नाहीत. घरी बसतात. सून म्हणते, बाजारात पाठवलं तर आणायच्या जिनसा वाटेत मोठ्याने म्हणत जातात, विसरू नये म्हणून.

१५ ऑगस्ट, मंगळवार

सुट्टी. जयश्रीने माझी नाडी मोजली. “सित्तेर,” म्हणाली. “जुओ, सारुं थई गयुं.”

सित्तेर हा शब्द या घरात रोज येतो. माझ्या स्वतःच्या मनगटावर येतो.

१७ ऑगस्ट, गुरुवार

रजा टाकली आहे. ठाकोरभाईंकडे जायला चप्पल घातली आहे. आधी लिहितो, नाहीतर उधन्यावरून परत येईन. फी परत मिळत नाही. साडेपाच हजार मला पगारातून फेडायला दोन वर्षं लागतील, आणि धुरपदेला काय सांगायचं ते अजून जुळलेलं नाही.

सत्तावीस तारखेला ट्रक पुढे निघून गेला होता. पिपाणी थांबली होती. फोनमध्ये त्यांचा आवाज स्वच्छ आला: “एक-सात ने, भगत?” माझ्या मनात आलं, त्रेपन्न राहू देत. उद्या भाव चढला तर माझ्या. पडला तर चूक बोलीची.

मी हां म्हटलं.